जगली किती?

वर्षभर एक आकडा माझ्या मागे लागला आहे. दरवेळी तो वेगळा असतो, पण असतो नेहमी लावलेल्या रोपांचा. अमुक हजार कांदळवन रोपे लावली, तमुक हेक्टर खाडीकिनारा हिरवा करणार. असा आकडा मिरवणारा कागद पर्यावरण दिनी ५ जूनला येतो, कांदळवन दिनी २६ जुलैला येतो आणि मधल्या काळात एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा उमाळा दाटून आला की पुन्हा येतो. सोबत फोटो: एकसारखे टी-शर्ट, कोरे हातमोजे, पोटरीभर चिखल आणि मधोमध साहेब. आमच्या टेबलावर असे कागद साचले आहेत. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती रोपे उभी आहेत, हे सांगणारा एकही कागद आजवर आलेला नाही.

२०२५ हे वर्ष काही कांदळवनाचे नव्हते, हे मलाही कळते. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याचे सोयाबीन आणि त्याखालची मातीही नेली. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे गेला. शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी झुंजलेले. या सगळ्यावर या अंकात आत जाणत्यांनी लिहिले आहे. संपादकाने तेच दळण पुन्हा दळू नये.

अंकाचा विषय ‘हिशेब’. तो ठरला तेव्हा सहकाऱ्यांच्या डोक्यात गृहकर्जे, शेअर बाजार आणि भाऊबंदकी होती. खाडीचा चिखल मीच मध्ये घुसडला. पण लक्ष्मीपूजनाला ज्या वहीला हळदकुंकू वाहतात तिला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. आपल्या कांदळवनाच्या वहीत जमेची बाजू तेवढी भरलेली, समोरचे पान कोरे.

पृथ्वीवर जिथे हे समोरचे पान कुणी भरले, तिथे बऱ्याचदा वाचवत नाही असे निघाले. २०१२ साली फिलिपाईन्समधल्या लुझोन बेटावर एका तासात दहा लाखांहून अधिक रोपे चिखलात खोचून गिनेस विक्रम झाला. पुढे एक संशोधक त्या जागी गेला, तर दोन टक्केसुद्धा शिल्लक नव्हती. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर लागवडीची लाट आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी २३ ठिकाणे पायाखाली घातली आणि २०१७ साली जे दिसले ते छापले: हजार-बाराशे हेक्टरांवर खटाटोप झाला, तो फळला दोनशे-सव्वादोनशे हेक्टरांवर. नऊ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. निम्म्याहून अधिक रोपे जगलेली ठिकाणे फक्त तीन. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: लावल्यानंतर जिथे कुणी लक्ष ठेवले तिथे रोपे अधिक जगली होती.

कारण गूढ नाही. कांदळवन म्हणजे पाण्यातले झाड, हा समज अर्धाच खरा आहे. समुद्राची सरासरी पातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांच्या मधला पट्टा हे त्याचे घर. तिवर आणि चिपी यांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. चिखल फार वेळ पाण्याखाली राहिला की कोवळे रोप गुदमरते. भांगाला पाणी कुठवर चढते आणि उधाणाला कुठवर, हे ज्याला ठाऊक आहे त्याला रोप कुठे जगेल याचे निम्मे उत्तर ठाऊक आहे. पण योग्य पट्टा बहुधा कुणाच्या तरी ताब्यात असतो. तिथे मिठागर असते, कोळंबीचे तळे असते, भराव असतो. ओहोटीला उघडा पडणारा खालचा चिखल तेवढा वादाविना मिळतो, शिवाय फोटोत प्रशस्त दिसतो. मग कांदळाच्या झाडाखाली पडलेली, झाडावरच रुजून आलेली लांब हिरवी रोपे गोळा करायची आणि त्या चिखलात रांगेने खोचायची. रोपवाटिकेचाही खर्च नाही. तो चिखल ओसाड नसतो, ही आणखी एक गोम. तिथे खुबे असतात, शिंपल्या असतात, निवट्या असतात. ठाण्याच्या खाडीत तर रोहित पक्षी त्याच उघड्या चिखलावर जगतात. म्हणजे रोप जगले नाही तर पैसा बुडाला, आणि भलत्या जागी जगले तर कुणाच्या तरी ताटातले गेले.

फ्लोरिडात रॉबिन लुइस नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांचा सल्ला साधा होता: आधी पाणी का अडले ते शोधा, ते मोकळे करा, बी पाणीच आणून देईल, हाताने लावायचे ते अगदी शेवटी, गरज उरली तर. आपल्या देशात तमिळनाडूच्या पिचावरममध्ये स्वामिनाथन फाउंडेशनने याच अंगाने काम केले. जुन्या काळच्या सरसकट तोडीनंतर तिथली जमीन खचून खोलगट झाली होती, भरतीचे पाणी आत साचून अतोनात खारट होत होते. त्यांनी माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटीला वाट दिली, आणि रोपे त्या चरांच्या काठांवर लावली. चर खणण्याचा फोटो कुणी मुखपृष्ठावर छापत नाही.

देखरेख म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ते कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच होत नाही. दहा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन कायमचा आखायचा. दरवर्षी त्याच चौकोनात जाऊन किती रोपे आहेत, कोणत्या जातीची, उंची किती, बुंध्याचा घेर किती, श्वासमुळे किती हे मोजायचे. मातीतल्या पाण्याच्या खारटपणाची पातळी बघायची. खोलवर ठोकलेल्या दांड्याच्या आधाराने चिखल किती चढला की खचला, ते मिलिमीटरमध्ये टिपायचे. आणि हे पाच-पाच, दहा-दहा वर्षे. प्रकल्पाचा निधी त्याआधीच संपलेला असतो. उपग्रह आहेत की, असे कुणी म्हणेल. आहेत, आणि मोलाचे आहेत. पण कमरेएवढ्याही न झालेल्या विरळ रोपांची रांग त्यांना दिसत नाही, आणि जे दिसते त्याचा अर्थ सांगायला माणूस लागतो.

उदाहरण आपल्याच राज्याचे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होते. २०२३च्या अहवालात ते ३१५.०९ आले. शाळकरी पोर म्हणेल, नऊने घटले. अहवाल म्हणतो, १२.३९ चौरस किलोमीटरने वाढले. यात लबाडी नाही. मागचा आकडाच मागाहून दुरुस्त केला गेला आणि तुलना त्या दुरुस्त आकड्याशी झाली. असे करणे शास्त्राला धरूनच आहे. पण ही दुरुस्ती खाडीकाठच्या माणसाला कुणी समजावून सांगितली? त्याने एक बातमी वाढीची वाचली, एक घटीची, आणि दोन्ही सोडून दिल्या.

आणि तो माणूस ‘वाढ’ हा शब्द ऐकून दचकतो, त्याला कारण आहे. पेण-अलिबागच्या पट्ट्यात जा. पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातजमीन तिथे आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडते, दुरुस्ती वेळेवर होत नाही. १९७९चा खारजमीन कायदा असला तरी कायद्याने चिखल उचलला जात नाही. खारे पाणी आत येते, भात जाते आणि पाण्याबरोबर तिवराचे बी येते. काही वर्षांत सातबाऱ्यावर शेत आणि डोळ्यांपुढे रान. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाची कांदळवन तोडीवर बंदी आहे, २०१८च्या निकालाने ती पक्की झाली, भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखीव झाला. जमिनीची मालकी कुणाचीही असो. तो निकाल नसता तर मुंबईभोवती आज जे उरले आहे तेही उरले नसते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण उपग्रहाच्या चित्रात हिरवा झालेला तो ठिपका एका कुटुंबाचे बुडालेले शेत आहे, हे कोणत्याच नोंदीत येत नाही. आणि याच कुटुंबाने ऐकलेले असते की २०२२च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी वीस हजारांहून अधिक झाडे तोडायला न्यायालयाची परवानगी मिळाली, बदल्यात पाचपट लावण्याच्या हमीवर. त्याला विचारायचे असते: माझ्या शेतातले एक झाड हलत नाही आणि तिकडचे वीस हजार कसे हलतात? ती पाचपट कुठे लावली, जगली किती?

अशा गावात शास्त्रज्ञ किंवा अधिकारी येतो तेव्हा बहुधा पडदा लावून कार्बनविषयी बोलतो. कार्बनचे महत्त्व मी नाकारत नाही. पण समोर बसलेल्यांचे प्रश्न वेगळे असतात. चिंबोरी वाढेल का? आमची होडी लागायची जागा राहील का? बांध कोण दुरुस्त करणार? पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘बहुधा, पण लगेच नाही’ असे असते, तिसऱ्याचे ‘आमच्या खात्याकडे नाही’. ही उत्तरे तोंडावर देणे म्हणजेच विज्ञान लोकांपर्यंत नेणे. त्याऐवजी पत्रक वाटतात, घोषणा देतात आणि पोरांची चित्रकला स्पर्धा घेतात. चित्रकला स्पर्धेला माझा विरोध नाही. बक्षिसे बरी असतात.

उलटे घडलेलेही आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. बायका स्वतः वल्ही मारतात, झाडाझाडाची ओळख करून देतात. त्यांना ही झाडे जगणे हा रोजच्या कमाईचा प्रश्न आहे, म्हणून कुठले वाळले हे त्यांना आधी कळते. कोल्हापुरात, घाटमाथ्यापलीकडे, खाडीपासून इतक्या दूर बसून डॉ. लीला भोसले यांनी शिवाजी विद्यापीठात महाराष्ट्राच्या कांदळवनांचा अभ्यास उभा केला. ज्ञान आपल्याकडे कमी नाही. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्षही २०१२ पासून आहे, २०२० साली आपण पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष केले, आणि केंद्राच्या ‘मिष्टी’ या कांदळवन योजनेत देशभर ५४० चौरस किलोमीटरचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट म्हटले की मला धडकी भरते, कारण ते पुन्हा लागवडीत मोजले जाण्याची शक्यता दाट आहे.

माझी मागणी लहान आहे. जिथे लागवड झाली त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा जेटीवर मराठीत रंगवलेला एक फलक हवा: तारीख, जात, संख्या, आणि खाली दरवर्षी भरायचा एक रकाना. मोजणी गावातल्याच चार माणसांनी करावी, त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी. शास्त्रज्ञाने त्यांना चौकोन आखायला शिकवावे आणि मधूनमधून ताळा घ्यावा. कालवे काढणाऱ्या बाईला घेर मोजायची फीत धरता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा तिच्याबरोबर कोयती घेऊन खडकावर बसावे. जिथे बांध फुटून रान आले आहे, तिथली नोंद वेगळ्या रंगात करावी. ती वाढ जमेत धरू नये.

२६ जुलै हा आंतरराष्ट्रीय कांदळवन दिन. १९९८ साली याच दिवशी इक्वेडोरच्या मुइस्ने इथे कोळंबी तळ्यांविरुद्धच्या आंदोलनात एका कार्यकर्त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडे याच तारखेला २००५ साली सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने तिच्यावर टाकलेला भराव मुंबईला परत केला. या दिवशी नवी रोपे खोचण्यापेक्षा जुनी मोजावीत.

आमचे वर्गणीदार झाईपासून रेडीपर्यंत आहेत. त्यांतले बरेच जण या अंकाची वाट खाडीच्या काठावरच बघत असतात. त्यांना विनंती की आपल्या गावात लागवड झाली असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या जवळची मोठी ओहोटी साधून, गावातल्या जाणत्याला सोबत घेऊन तिथे जावे. लावली कधी, कुणी, किती आणि आज उभी किती, एवढे पोस्टकार्डावर लिहून पाठवावे. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत. जाहिरात विभागाची त्यावर नाराजी आहे. शून्य आले तर शून्य छापू.