थिबा राजवाडा: थाट नव्हे, बंदिवास

१/ रत्नागिरीचा थिबा राजवाडा ‘राजेशाही थाट’ म्हणून दाखवणे ही इतिहासाशी प्रतारणा आहे.

२/ १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेत पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा त्याला मिळाला १९१० साली, म्हणजे स्थानबद्धतेची २४ वर्षे उलटल्यावर. १९१६ मध्ये तो याच शहरात वारला.

३/ रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद, रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैद. कैद करणारी सत्ता एकच!

४/ ‘दुःखद इतिहास पर्यटकांना नको असतो’ हा युक्तिवाद पोकळ आहे. अंदमानचे सेल्युलर जेल पाहायला लोक जातात, ते तुरुंग म्हणूनच.

५/ संवर्धन म्हणजे केवळ भिंतींची डागडुजी नव्हे. राजवाडा, थिबाची समाधी आणि टिळकांचे जन्मस्थान ही एकाच कथेची तीन स्थळे आहेत. ती एकत्रच सांगितली पाहिजेत. अर्थ पुसून वास्तू जपली, तर उरतो तो छायाचित्रांचा पडदा. मित्रहो, तिथे जाल तेव्हा सोबत्यांना आधी एवढेच सांगा: हा बंदिवास होता.