घाटाची गाडी आणि सरळ रस्त्याची गाडी

माझा भाचा परवा घरी आला तो हातात बँकेचा फॉर्म घेऊनच. मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण नात्यागोत्यात अजूनही मी ‘बँकेतले मामा’ आहे. कुणाचे घरकर्ज अडले, कुणाला मुदतठेव मोडायची की नाही हे कळेना, की पहिला फोन मला. भाच्याचे अंबडला छोटे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी यंत्रे, सहा कामगार, ऑर्डरी बऱ्या. वय चौतीस. फॉर्म पुढे सरकवत म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही फक्त जामीनदार म्हणून सही करा. बाकी सगळं मी बघतो.’’

‘बाकी सगळं मी बघतो’ हे वाक्य मी बँकेत तीस वर्षे ऐकले आहे. म्हणून चष्मा लावून फॉर्म वाचला. कर्जाचे कारण : जुनी मोटार खरेदी. मोटार : फोर्ड मस्टँग. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन. किमतीचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण ही पुरवणी ताईसुद्धा वाचते. तारण म्हणून गाडी होतीच, शिवाय वर्कशॉपचा प्लॉटही. माझ्या मेहुण्यांनी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून घेतलेला तो प्लॉट.

मी लगेच ‘नाही’ म्हणालो नाही. गाडीचे वेड मला कळते. मी त्याला विचारले, ‘‘हीच का?’’ तर म्हणाला, दुसरी एक मनात आहे, स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो. ती बरीच स्वस्त पडेल. पण मस्टँग ती मस्टँग! म्हणजे वाद जुनाच होता. अमेरिकन गाडी की युरोपातली? तरुणपणी आम्ही हा वाद कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीवर घालायचो, तेव्हा आमच्यातल्या एकाकडेही सायकलपेक्षा मोठे वाहन नव्हते.

खरे तर या वादात नाशिककरांचा हक्क थोडा जास्त आहे. अमेरिकन नावाची मोटार आपल्या गावात तयार होत होती, हे आजच्या मुलांना सांगितले तर पटत नाही. १९९६ साली महिंद्र आणि फोर्ड यांच्या भागीदारीतून फोर्ड एस्कॉर्ट बाहेर पडली, ती नाशिकच्या कारखान्यातून. तेव्हा मी शाखेत कर्जविभागात होतो. वाहनकर्जाच्या रजिस्टरमध्ये ‘मेक’ या रकान्यात वर्षानुवर्षे तीनच नावे यायची : अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती. त्यात मी पहिल्यांदा ‘फोर्ड’ लिहिले तो दिवस आठवतो. कर्ज घेणारे डॉक्टर होते. पेढे घेऊन आले आणि मला त्र्यंबकच्या रस्त्याने फिरवून आणले. गाडी वळणावर झुकत नव्हती, घट्ट पाय रोवून जायची. मी म्हणालो, ‘‘डॉक्टर, अमेरिकन गाडी म्हणजे काय ते आज कळलं.’’

ते मला मुळीच कळले नव्हते. एस्कॉर्टच्या पाटीवरचे नाव अमेरिकन, पण गाडी फोर्डच्या युरोपातल्या शाखेची. तेराशे सीसीचे पेट्रोल इंजिन किंवा अठराशेचे डिझेल. अमेरिकेतल्या माणसाने ती पाहून हे आमच्याकडचे आहे असे कधी म्हटले नसते. त्याच सुमारास जनरल मोटर्सने गुजरातेत हालोलला गाडी काढली ती ओपेल अ‍ॅस्ट्रा, म्हणजे जर्मन. अमेरिकेने आपल्याला माल पाठवला तो युरोपच्या दुकानातून आणून.

त्याआधीची गोष्ट उलटी होती. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तीही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी नावे बाहेर पडली. आमच्या लहानपणी सिनेमातला श्रीमंत बाप ज्या लांबलचक गाडीतून उतरायचा, ती गाडी अमेरिकन. पण शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला आणि कुर्ल्यात पुढे इटलीची फियाट रुजली. १०८९ सीसीची. आपल्या दोन पिढ्या वाढल्या त्या तिच्यात.

दादर-नाशिक टॅक्सी ज्यांनी केली आहे त्यांना मी काय सांगू? पुढे ड्रायव्हरसह तीन, मागे तीन किंवा चार, कुणाच्या तरी मांडीवर मूल. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. कसारा घाट लागला की ड्रायव्हर विडी विझवायचा आणि गप्प व्हायचा. दुसऱ्यावर कधी यायचे, तिसऱ्याचा मोह कुठे टाळायचा, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचे म्हणजे चढावर दम तुटणार नाही, हे सगळे त्याच्या डाव्या हातात होते. वर आलो की बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी. घोडे जेमतेम चाळीस, पण ते चाळीसच्या चाळीस कामाला लागलेले. गाडी चालवण्याची कला मी तिथे पाहिली. पुढे पुष्कळ महागड्या गाड्यांत बसलो, पण ती पुन्हा क्वचितच दिसली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. मला त्या गप्प होणाऱ्या ड्रायव्हरांची आठवण झाली.

आता मूळ मुद्दा. अमेरिकन गाडी तशी का आणि युरोपातली अशी का? यात रक्ताचा किंवा संस्कृतीचा प्रश्न फारसा नाही. पेट्रोलचा भाव, रस्त्याचा आकार आणि कर बसवणारा अधिकारी या तिघांनी ते ठरवले. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि गावे शेकडो मैलांवर, रस्ते आखीव सरळ. तिथे इंजिन मोठे करणे हाच ताकद वाढवण्याचा सोपा मार्ग होता. मोठे इंजिन फारसे न फिरताच जोर देते. पायाखाली जरा दाबले की गाडी उसळते. युरोपात पेट्रोल महाग, रस्ते बैलगाडीच्या काळातले, डोंगर मध्ये येणारे. ब्रिटनमध्ये तर कित्येक वर्षे इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून कर बसत असे. मग तिथल्या इंजिनिअरांनी छोट्या इंजिनातून जास्त काम काढायचे, वजन कमी ठेवायचे, वळणावर वेग सांभाळायचा, याचा अभ्यास केला. जपानचेही तेच. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत मिळाली आणि डिकी कापलेल्या मोटारींची एक जातच जन्मली, हे आपण डोळ्यांदेखत पाहिले. कर आकारणारा माणूस मोटारीचा आराखडा काढतो, असे मी भाच्याला म्हणालो तेव्हा तो हसला. पण ते थट्टेने म्हटले नव्हते.

या वादाचा एक सामना प्रत्यक्ष झालेला आहे. जानेवारी १९६४ मधली माँटे कार्लो रॅली. बर्फाळ डोंगरी रस्ते. एकीकडे फोर्डच्या फाल्कन गाड्या, आठ सिलिंडर, पावणेपाच लिटरच्या आसपासचे इंजिन. दुसरीकडे ब्रिटनची चिमुकली मिनी कूपर, १०७१ सीसी, म्हणजे आपल्या पद्मिनीपेक्षाही १८ सीसीने लहान! पॅडी हॉपकर्कची मिनी पहिली आली, फाल्कन दुसरी. आता खरे सांगायचे तर इंजिनाच्या आकारानुसार गुण देण्याचा नियम होता आणि त्याचा मिनीला फायदा झाला. नुसत्या घड्याळाने मोजले तर फाल्कनवाला काही कमी नव्हता. तरीही एवढीशी गाडी त्या धुडाच्या जवळपास राहिली, हेच केवढे. आणि गंमत अशी की त्याच फाल्कनच्या सांगाड्यावर फोर्डने एक देखणी, तरुण मुलांच्या खिशाला परवडणारी गाडी बेतली आणि तीनच महिन्यांनी, एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आणली. तीच मस्टँग. भाच्याच्या फॉर्मवरची.

ती आपल्याकडे अधिकृतपणे आली २०१६ मध्ये, पासष्ट लाखांना. तिकडची परवडणारी गाडी इकडे येईपर्यंत राजेशाही झाली, यात आयातकराचा हात मोठा. महागड्या परदेशी मोटारीवर तिच्या किमतीइतका कर, असा आपला हिशेब वर्षानुवर्षे चालत आला. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून त्याला २००२ मध्ये फेरारी भेट मिळाली, तेव्हा तिच्यावरच्या एक कोटीहून अधिक सीमाशुल्काच्या माफीवरून केवढे काहूर उठले होते! शेवटी ते शुल्क फियाटने भरले. सचिनसाठी रात्र-रात्र जागणारा हा देश, पण कराच्या माफीवरून त्याच्यावरही रागावला. मला ते मनातून बरे वाटले होते. बँकेतला माणूस, दुसरे काय.

असो. सही करण्याआधी मालाची पाहणी करायची, ही माझी जुनी सवय. विकणाऱ्याला विचारून एका रविवारी आम्ही मस्टँग बाहेर काढली. कॉलनीच्या गतिरोधकावरून तिरकी करून, जीव मुठीत धरून. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो. हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तिथे मला अमेरिकन गाडी पहिल्यांदा खरोखर कळली. रुंद, सरळ, सिमेंटचा रस्ता. इंजिनाचा तो खर्जातला आवाज आसनातून पाठीत उतरतो. पुढे लांबलचक बॉनेट. गाडीला कसली घाई नसते आणि तरी काटा पुढे गेलेला असतो. मन मोठे असलेली गाडी आहे. तिच्या प्रेमात कोण पडणार नाही? बोगद्यात भाच्याने काच खाली केली आणि आवाज भिंतींवरून परत आला, तेव्हा साठी उलटलेला मी लहान मुलासारखा हसलो. हे कबूल करतो.

पण त्या रस्त्यावर वेगाची मर्यादा १२०. ती गाडी १२० ला जांभई देते. ३९५ घोड्यांपैकी साठ-सत्तर जुंपलेले, उरलेले तबेल्यात हप्ते खात उभे. त्यांना बाहेर काढायचे तर कायदा मोडायचा आणि जिवावर उदार व्हायचे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, हा सरकारी आकडा आहे. समृद्धीवरच्या २०२३ च्या जुलैतल्या बस अपघातात पंचवीस माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. सरळ रस्ता सोपा असतो असे वाटते. तो माणसाला झोप आणतो.

परतताना मुद्दाम जुन्या रस्त्याने, कसारा घाट चढून आलो. तिथे मस्टँगला जागा पुरेना. वाईट नाही चालली, आताच्या मस्टँगची मागची चाके स्वतंत्रपणे उसळी घेतात, जुन्यांसारखा अखंड एक्सल नाही. पण पावणेदोन टनांचा ऐवज ट्रकांच्या रांगेत वळवताना भाच्याचे लक्ष वळणाकडे नव्हते, बाजूच्या पत्र्याकडे होते. ओरखडा उठला तर केवढ्याला पडेल!

पुढच्या रविवारी ऑक्टेव्हिया आणली. बाहेरून पाहिले तर एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांची गाडी. हलकी, पुढच्या चाकांना जोर. त्याच घाटात भाचा गप्प झाला. चेहऱ्यावर तोच भाव, दादरच्या टॅक्सीवाल्याचा. वळणाआधी वेग उतरवला, वळणात स्थिर धरला, बाहेर पडताना हलकेच दाबले. वेग पन्नास-साठच्या वर गेला नसेल, आणि तरी त्याचा घाम फुटलेला, आणि चेहरा आनंदी. गाडी चालवणे म्हणजे हे, असे मला वाटते. तिची हद्द चालवणाऱ्याच्या आवाक्यात असली पाहिजे. मी स्टाफ लोनवर घेतलेल्या झेनमध्ये ९९३ सीसी आणि पन्नास घोडे होते. ते सगळे मी रोज वापरत असे, आणि बायकोही फारशी घाबरत नसे.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, पण आठ सिलिंडरची गाडी पुन्हा मिळणार नाही. सगळं बॅटरीवर चाललंय.’’ त्याचे बरोबर आहे. अमेरिकेतसुद्धा डॉजने आपल्या आठ सिलिंडरच्या चॅलेंजरचे उत्पादन २०२३ मध्ये थांबवले. जाणाऱ्या गोष्टीची ओढ मी समजू शकतो, मी कादंबऱ्या लिहितो त्या त्यावरच. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. उद्या काच फुटली तर सुटा भाग कुठून, किती दिवसांत, विमा किती, विकायची झाली तर गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न कर्जाच्या फॉर्मवर नसतात. ते मी विचारले. त्याने उत्तरे दिली, सगळी नाही.

‘‘आणि प्लॉट?’’ मी म्हणालो. त्यावर तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिला.

फॉर्मवर प्लॉटसमोर मी पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि तो टेबलाच्या खणात आहे. ऑक्टेव्हियासाठी प्लॉट लागणार नाही, त्याच्या पगारपत्रकावर आणि ताळेबंदावर भागेल, एवढे मी त्याला आकडे मांडून दाखवले. निर्णय त्याचा. काल रात्री त्याचा फोन आला, गाडीचा विषय काढलाच नाही, एवढेच विचारले, ‘‘मामा, रविवारी घाटात जायचं का?’’

मी म्हणालो, ‘‘सकाळी सहाला ये. ट्रक वाढायच्या आत वर पोचू. आणि या खेपेला मी चालवणार.’’