पुरात बुडालेला ट्रॅक्टर आणि आपली घाई

महापूर ओसरला म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष प्रथम घराच्या भिंतींकडे, नंतर गोठ्याकडे व त्यानंतर उभ्या पिकाकडे जाते. हे स्वाभाविकच आहे. परंतु याच वेळी अंगणात चिखलाने माखून उभा असलेला ट्रॅक्टर हाही त्या कुटुंबाचा एक कमावता घटकच असतो. त्याची विचारपूस सर्वांत शेवटी होते, आणि तीही चुकीच्या रीतीने. या चुकीविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हा सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या एका गावी मी पंचनाम्याच्या कामावर होतो. एकाच गल्लीतील दोन ट्रॅक्टर काही दिवस पाण्याखाली होते. पहिल्या घरच्या तरुणाने पाणी उतरताच बॅटरी बदलून सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरून थबकले. मग दुसरा ट्रॅक्टर आणून, टोचन लावून त्याला ओढण्यात आले. आतून एक जोराचा ठोका ऐकू आला आणि सारे शांत झाले. इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला व लायनर फुटलेला आढळला. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने मात्र किल्लीला हात लावला नाही. त्यांनी मिस्त्रीची वाट पाहिली आणि त्यांचा ट्रॅक्टर थोड्याच दिवसांत गाळ काढण्याच्या कामास लागला. पूर दोघांनाही सारखाच होता. फरक पडला तो केवळ घाईचा.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला साधारणतः १६ ते १८ पट दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचले असता दाबाच्या फेऱ्यात दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पाण्यास बाहेर पडण्यास वाट नसते. पिस्टन जागीच अडतो. मागून मात्र फ्लायव्हीलचा किंवा ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा जोर चालूच राहतो. अशा वेळी जे सर्वांत आधी वाकते, तो कनेक्टिंग रॉड होय. म्हणून माझे ठाम मत असे की, पुष्कळ इंजिने पुराच्या पाण्याने बिघडत नाहीत, ती सेल्फच्या पहिल्या फेऱ्याने बिघडतात.

यास्तव प्रथम निदान करावे. बॅटरीची वायर सोडावी. विमा असल्यास कंपनीस कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत. नंतर एअर क्लीनर उघडून पाहावा. तो व त्यापुढील नळी आतून कोरडी असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी गेले नसल्याची आशा धरता येते. तरीही पुढील तपासणी टाळू नये. ऑईलची पट्टी काढावी. पातळी नेहमीपेक्षा वर आली असेल, तर चेंबरमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. चेंबरचा नट हळूहळू सैल केला असता आधी नितळ पाणी व मागून काळे ऑईल आले, तर इंजिन पाण्यात फिरलेले नाही, हे शुभलक्षण होय. ऑईल दुधाळ चहासारखे झाले असेल, तर पाणी शिरल्यावर इंजिन फिरले आहे असा संशय घ्यावा. मात्र पूर येण्यापूर्वीच ऑईल दुधाळ दिसत असेल आणि रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल, तर दोष हेड गॅस्केटचा किंवा लायनरच्या रबरी कड्यांचा असू शकतो. तो निराळा आजार आहे, त्याचा उपचारही निराळा.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. चेंबरमधील सर्व ऑईल काढून फिल्टर बदलावा. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करावी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि तेच प्रथम डिझेल पंपात जाते. डिझेलचे फिल्टर बदलावेत. सर्व नोझल काढावेत. सिलिंडरमध्ये गाळ शिरल्याचे दिसल्यास इंजिन मुळीच फिरवू नये, हेड उघडूनच साफ करावे. गाळ नसल्यास गिअर न्यूट्रल ठेवून, पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. नोझलच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतात, म्हणून तोंड दूर ठेवावे. पाणी निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे स्वच्छ ऑईल सोडून पुन्हा फिरवावे, म्हणजे लायनरला गंज धरणार नाही. सेल्फ व डायनॅमो उघडून वाळवावेत. मग नवे ऑईल भरून, नोझल बसवून, डिझेलच्या नळ्यांतील हवा काढून इंजिन मंद गतीने चालवावे. दहा-पंधरा मिनिटांनी बंद करून ते ऑईलही बदलावे. ठोका येत असल्यास, पांढरा धूर थांबत नसल्यास किंवा एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरत असल्यास रॉड वाकल्याचा संशय घ्यावा व इंजिन तत्काळ बंद करावे.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स व हायड्रॉलिकचे ऑईल एकच असते, तेही बदलावे. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या ट्रॅक्टरांचे काम मात्र कार्यशाळेकडेच सोपवावे. काढलेले ऑईल ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

यावर कोणी म्हणतील, “गाव बुडाले असता दोनदा ऑईल बदलण्याचा खर्च कोणी करावा?” प्रश्न रास्त आहे. परंतु दोन वेळच्या ऑईलचा खर्च आणि रॉड, लायनर व पिस्टन नव्याने बसविण्याचा खर्च यांची तुलना एकदा मिस्त्रीकडून करून घ्यावी. दुसऱ्या बाजूने, थांबायचे म्हणजे आठवडाभर थांबायचे, असेही नव्हे. पाणी ओसरून हवा लागली की गंज चढू लागतो. किल्लीची घाई करू नये, पण पाण्याचा निचरा करण्यात दिरंगाईही करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, आपण बियाणे व खते यांविषयी जितक्या तळमळीने बोलतो, तितक्याच तळमळीने यंत्रांविषयीही बोलावे. सांगली-कोल्हापूर भागात २०१९ नंतर जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. तो पुन्हा येणार नाही, असे समजून चालता येणार नाही. तेव्हा दरवर्षी मे महिन्यात नदीकाठच्या प्रत्येक गावी एक प्रात्यक्षिक व्हावे. जवळच्या मिस्त्रींची यादी चावडीवर लावावी. ट्रॅक्टर उभे करण्यासाठी उंचावरील जागा आधीच ठरवून ठेवावी. पाणी चढू लागताच यंत्र तेथे नेणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेतकरी बंधूंनो, पाण्यातून काढलेल्या माणसाला आपण लगेच धावावयास सांगत नाही. आधी त्याला सावरू देतो. आपल्या ट्रॅक्टरलाही तेवढीच सवलत द्या.