एका चाकाचा तोल

वैशाखांत अमळनेरच्या रस्त्यांतून सखाराम महाराजांचा रथ निघतो. तो वाटेंत थांबला तरी आपल्या चाकांवर उभा राहतो. एकटें चाक मात्र सोडून दिलें कीं पडतें. म्हणून एकचाकी वाहन म्हणजे केवळ सर्कशींतील गंमत, असा पुष्कळांचा समज आहे. तो आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

लोखंडी कडें काठीनें पळविणाऱ्या मुलास विचारा. धावतें कडें ज्या बाजूस कलतें, त्याच बाजूस वळून सांवरतें. वेग सरला कीं आडवें होतें. एकचाकी सायकलवरील कसरतपटू निराळी युक्ति करितो. आपण ज्या दिशेस कलूं, त्या दिशेस चाक नेऊन तें तो पुन्हां आपल्याखालीं आणतो. तळहातावर काठी उभी धरणारा हात असाच हालत असतो. स्थैर्य हें न हालण्यांत नसून क्षणोक्षणीं सांवरण्यांत आहे.

१९३२ सालीं इंग्लंडांत डॉ. पर्व्हज यांनी सुमारें दहा फूट उंचीचें, आंत बसावयाचें मोटारचाक समुद्रकांठच्या वाळूवर चालवून दाखविलें. परंतु ब्रेक जोरानें दाबल्यास बसणाराच चाकाबरोबर फिरूं लागण्याचा धोका असे. तें मागें पडलें.

खरी उपयोगी एकचाकी म्हणजे ढकलगाडी. दुसऱ्या शतकांतील चिनी थडग्यांवरील चित्रांत ती दिसते. चिनी कारागिरांनी मोठें चाक मधोमध बसविलें, त्यामुळें बहुतेक भार चाकच घेई. युरोपांत ती तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली; तेथें चाक पुढें असल्यानें कांहीं भार हातांवर येतो. चाक हा टेकू, ओझें मध्यें, हात शेवटीं: विद्यार्थ्यांनी वर्गांत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ ती हीच. तोल दोन हात सांवरतात. जेथें बैलगाडी शिरत नाहीं, त्या बांधावरून किंवा फळीवरून ही जाते.

असें असूनहि बांधकामावर स्त्रीपुरुष वाळूविटांचीं घमेलीं डोक्यावर वाहतांना आपण पाहतों, आणि त्यांत आपणांस कांहीं वावगें वाटत नाहीं. मजुराची मान स्वस्त मिळते, म्हणून चाक महाग ठरतें. ढकलगाडी शिडीवर चढत नाहीं, हें खरें. पण रस्त्यापासून शिडीपर्यंतचें ओझें तरी वाचेल.

विद्यार्थ्यांनी सुटींत अशी एक गाडी सुताराच्या मदतीनें बनवावी. पालकांनी घर बांधतांना ती मजुरांच्या हातीं द्यावी. सर्कशींतील चाकास टाळी अवश्य द्यावी. परंतु माणसाच्या डोक्यावरील ओझें जें चाक उतरवितें, त्याचा मान अधिक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.