परतीचा हिशोब आधी मांडा

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात आखातात कोणीच गेलेले नाही असा मोहल्ला सापडणे कठीण. जाताना व्हिसा, तिकीट, एजंटचे पैसे यांचा पै-पैचा हिशोब आपण करतो. परतण्याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. वास्तविक तिथला इकामा नोकरीशी बांधलेला. नोकरी संपली की मुक्कामही संपतो. आपल्या कामगाराला तिथे पेन्शन नाही. हाती पडते ती सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम.

ती किती असते? सौदी कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांना दरसाल अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक पगार. दोन हजार रियालवर वीस वर्षे काढलेल्या सुताराला ३५ हजार रियाल मिळतील. रियाल २२ रुपये धरला तर ७ लाख ७० हजार. घरखर्च महिना २५ हजार असेल तर ही रक्कम अडीच वर्षेच पुरते.

म्हणाल, शिल्लक आहे. २० लाख आहेत असे धरू. वर्षाला तीन लाख खर्च म्हणजे पावणेसात वर्षे. पण महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली तर सहा वर्षेही नाहीत. साठाव्या वर्षी परतलेल्या माणसाने सहासष्टाव्या वर्षी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रुपया घसरला की परदेशात असताना आपण खूश होतो. गावी परतल्यावर तोच घसरलेला रुपया पेट्रोल आणि गॅस महाग करून आपल्याच खिशातून वसुली करतो.

वाडीच्या भरवशावर राहावे तर ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. एका दिवसात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवे रोप उत्पन्नाला यायला कित्येक वर्षे जातात.

बंधूंनो, आपली मोठी चूक बंगल्याची आहे. सगळी कमाई भिंतींत आणि लाद्यांत घालून माणूस परततो. घर मोठे, पण किराण्याची उधारी चालू! बंगला रोजचा खर्च भागवत नाही; उलट रंगकाम, वीजबिल, घरपट्टी मागतो.

माझ्या मते परतण्याच्या पाच वर्षे आधी कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात रोजचे : किराणा, मासळी, गॅस, वीज, साखर-ब्लडप्रेशरच्या गोळ्या. दुसऱ्यात वर्षाचे : पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, ईद, जकात, नात्यातली लग्ने. तिसऱ्यात अचानकचे : रात्री-अपरात्री रुग्णाला मुंबईला न्यायचे झाले तर गाडीपासून इस्पितळापर्यंतचा खर्च. हा तिसरा रकाना आपण कोरा ठेवतो, आणि घर बुडते ते इथेच.

शेवटच्या सुट्टीत आलात की दोन महिने स्वतः बाजार करा. पाहुण्यासारखा खर्च करू नका, म्हणजे खरा आकडा कळेल. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय बांधकामाला हात लावू नका. हातात कसब असेल तर अवजारे विकून येऊ नका. गावातले छोटे वर्कशॉप महिन्याला दहा हजार जरी देऊ लागले तरी शिल्लक कितीतरी वर्षे जास्त पुरेल.

आणि हा कागद बायको-मुलांपुढे ठेवा. तिकडचा पगार घरापासून लपवला, तसा इकडचा खर्च लपवता येणार नाही.