तसबिरीला हार, तालिकेला कुलूप

दरवर्षी १२ ऑगस्टला आपल्या विद्यापीठांची ग्रंथालये एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, जानेवारीत मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा, २७ फेब्रुवारीला ग्रंथप्रदर्शन. दीपप्रज्वलन, छायाचित्र, अहवाल. सोहळ्यांना आमचा विरोध नाही. तसबिरीतल्या माणसाने काय केले याची आठवण मात्र हार घालणाऱ्यांना असावी.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि आरंभी त्या पदाला इतके कंटाळले की पुन्हा अध्यापनाकडे वळू पाहत होते. इंग्लंडमधली ग्रंथालये पाहून परतल्यावर मात्र त्यांनी मद्रासची कपाटे वाचकांना खुली केली. ग्रंथ वापरासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाचवायचा असतो, ही १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत ती अजूनही पाठ म्हणून दाखवावी लागतात.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आम्ही 'विविधज्ञानविस्तारा'चे जुने अंक मागितले. विभागप्रमुखांचे पत्र आणा, असे सांगण्यात आले. पत्र नेले तर खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ प्रदर्शनाच्या मांडणीत गुंतलेले. प्रदर्शन अर्थातच ग्रंथांचे होते!

किल्लीचे एक वेळ सोसू. खरा अडसर तालिकेचा. आपल्याकडे अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची संगणकीय नोंद आजही रोमन लिपीत होते. मग 'ज्ञानेश्वरी' कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जे'पासून, कोणी 'जी'पासून. नोंद करणाऱ्याच्या मनात काय होते हे ओळखल्याखेरीज ग्रंथ सापडत नाही. जो तालिकेत सापडत नाही तो ग्रंथ वाचकापुरता ग्रंथालयात नसतोच. संगणकाला देवनागरी येत नाही ही सबब केव्हाच संपली. इन्फ्लिब्नेटची 'सोल २.०' ही प्रणाली २००९ साली युनिकोडसह आली आणि 'कोहा'तही देवनागरी नोंदी सहज करता येतात. उणीव आहे ती मराठी शीर्षक वाचून शांतपणे नोंद करणाऱ्या माणसाची. अनेक ठिकाणी निवृत्तांच्या जागा भरल्याच जात नाहीत, म्हणून आमचा रोख सेवकवर्गावर नाही. समारंभांना निधी आणि तालिकेला शून्य, अशी वाटणी करणाऱ्यांवर आहे.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे १९५० पर्यंतची. संगणक नव्हता, कागद होता. आमच्या पिढीचे संशोधन आजही त्या सूचीवर उभे आहे, ही कौतुकाची गोष्ट म्हणावी की लाजेची?

'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेस नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते हवेच होते. पण १८७४ ची 'निबंधमाला' किंवा १९८२ साली बंद पडलेली 'सत्यकथा' कोणताही परदेशी प्रकाशक आपल्याला विकणार नाही. ते अंक आपल्याच कपाटांत आहेत, कडा तुटत चाललेले.

पुढच्या १२ ऑगस्टला हार आणायला माणूस पाठवण्याआधी कुलगुरूंनी स्वतः तालिकेसमोर बसावे, देवनागरीत 'ज्ञानेश्वरी' असे टंकावे आणि पडद्यावर काय उमटते ते पाहावे.