हार्डडिस्कला नव्हे, चार्जरला विचारा

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा छोटा संगणक गेल्या महिन्यात 'खराब' ठरवून कपाटात टाकला गेला. रास्पबेरी पाय ४, त्याला जोडलेली अडीच इंची हार्डडिस्क आणि तिच्यावर उर्दू-मराठी पुस्तकांचे स्कॅन. डिस्क टक-टक वाजायची, दिसायची, मध्येच गायब व्हायची. नवी डिस्क आणली, तिचंही तेच. मग एका जबाबदार गृहस्थांनी निकाल दिला, "स्वस्तातली वस्तू, आणि आपल्या पोरांना हाताळता येत नाही." दोष नववीतल्या एका मुलीवर आला, कारण शेवटचा हात तिचा होता.

मला या निकालाचा राग आला, अजून आहे. दोन डिस्क तपासल्या, मुलीची उलटतपासणी झाली; चार्जर कुणी पाहिला नाही. तो कुणाच्या तरी जुन्या मोबाईलचा होता, ५ व्होल्ट, २ अँपिअर. या पायसाठी कंपनी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडाप्टर सांगते. त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर देतात, आणि अशी डिस्क फिरायला लागताना एकटीच साधारण १ अँपिअर मागते. शिवाय केबल बारीक आणि लांब. ओहमचा नियम आपण शाळेत पाठ करून घेतो ना? केबलीचा रोध पाव ओहम धरा, प्रवाह २ अँपिअर, म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. उरले साडेचार. पाय ४.६३ च्या खालीच कमी दाबाची तक्रार करतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्हही येत होतं. ते चार्जिंगचं समजून आम्ही खूश!

'माझा चार्जर ६५ वॅटचा आहे' हेही ऐकलं. ते वॅट तो चढ्या व्होल्टवर देतो. पायला हवेत पाचच.

टर्मिनलवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' टाइप करा. उत्तराच्या शेवटी ५०००५ दिसलं तर वीज आत्ता कमी पडते आहे. ५०००० दिसलं तर सुरू केल्यापासून कधीतरी पडून गेली. शून्य आलं तरी हुरळू नका, हा आकडा बोर्डाचा आहे, डिस्कचा नाही. डिस्क स्वतःचा ॲडाप्टर असलेल्या हबवर लावून बघा. तिथे नीट चालली तर गुन्हेगार सापडला. तिथेही अडखळली तर मग डिस्कच्या डबीतल्या चिपवर किंवा डिस्कवर संशय घ्या. वीजच नेहमी दोषी असते असं मी म्हणत नाही, पण आधी तिची साक्ष घ्या. आणि हब घेताना तो उलटी वीज पायमध्ये ढकलत नाही ना, हेही पाहा.

माझं भांडण चंद्याच्या पद्धतीशी आहे. डिस्कसाठी पैसे निघतात, कारण तिच्यावर देणाऱ्याचं नाव चिकटवता येतं. ॲडाप्टरवर कोण नाव लिहिणार? म्हणून तो 'घरात पडलाय तो चालेल' यातून येतो, आणि बिघडलं की मोहल्ल्यातल्या मुलांची अक्कल काढली जाते. हेच लोक दुसरीकडे भाषण देतात की आपली मुलं विज्ञानात मागे का!

नवा ॲडाप्टर आणि हब आम्ही तीन शिक्षकांनी वर्गणी काढून आणला. पहिलीच डिस्क, तीच जुनी, तीन आठवडे न थांबता चालते आहे. पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, आणि त्या मुलीलाही बोलवा असं सांगितलं आहे. चार्जरवरचा आकडा मोठ्याने वाचून 'सर, हा दोनच अँपिअरचा आहे' असं पहिल्यांदा तीच म्हणाली होती.